अंगावरचं, वरचं आणि मधला हिशेब

पलूसकडे माझ्या मामाचा गोठा आहे. गाय विण्याआधी दोनेक महिने तो तिला आटवतो. लहानपणी मला वाटायचं, त्यासाठी काहीतरी औषध देत असतील. औषध वगैरे काही नसतं. दोन वेळची धार एक वेळ करायची, मग दिवसाआड, मग बंद, आणि जोडीला खुराक कमी. कासेत दूध तसंच पडून राहिलं की गायीचं शरीर समजतं, गिऱ्हाईक संपलं. थोड्याच दिवसांत गाय कोरडी.

बत्तिसाव्या वर्षी, पोटाला टाके आणि मांडीवर बारा दिवसांची लेक, अशा अवस्थेत मी नेमकं हेच स्वतःवर करत होते आणि मला पत्ताही नव्हता. सिझेरियननंतर दुसऱ्या रात्री दवाखान्यातल्या सिस्टरनी बाटली दिली, ‘दूध उतरेपर्यंत देऊ’ म्हणाल्या. घरी येताना पावडरचा डबा सोबत आला. पोरगी रडली की साठ मिली, ती झोपली की मीही झोपायची. बाराव्या दिवशी मामी बघायला आली, दोन तास बसली, सगळं पाहिलं आणि म्हणाली, “धार चुकवतीस तू.”

मी बँकेत काम करते, डॉक्टर नाही. पण त्यानंतरचे चार महिने बालरोगतज्ज्ञ, एक लॅक्टेशन कन्सल्टंट (स्तनपानाचा सल्ला देणारी) आणि मामी या तिघांच्या शिकवणीत काढले. मुलगी सात महिन्यांची होईपर्यंत दोन्ही दुधं चालली आणि अंगावरचं तर पुढे दीड वर्षापर्यंत. त्यात जे कळलं ते सांगते. अंगावरचं आणि वरचं एकत्र चालत नाही, असं कुणी म्हटलं तर ते खरं नाही. चालतं. फक्त वरून दिलेल्या प्रत्येक पाजणीचा हिशेब छातीला कळवावा लागतो.

दूध बनतं कसं

बाळंतपणानंतर वार पडली की शरीरातलं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन झपाट्याने उतरतं आणि दूध बनायला मोकळीक मिळते. पहिले दोन-तीन दिवस चीक असतो, पिवळसर, चिकट आणि थोडाच. बाळाला पहिल्या दिवशी एका वेळी चमचाभर, म्हणजे पाच-सात मिली पुरतो, कारण त्याची भूकच तेवढी असते. खरं दूध उतरतं साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी. सिझेरियन झालं असेल, रक्तस्राव जास्त झाला असेल, मधुमेह असेल तर आणखी एखाद-दुसरा दिवस जातो. ‘दूधच नाही’ असं ठरवून डबा उघडला जातो तो बहुतेक वेळा याच दिवसांत.

इथपर्यंतचं काम हार्मोन आपापलं करतात. तुम्ही पाजा, न पाजा, दूध उतरतंच. पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यानंतर मात्र कारभार बदलतो आणि दुधवाल्याच्या रतिबासारखा होतो. रोज एक लिटर घेत असाल तर तो एक लिटर आणतो. चार दिवस ‘अर्धाच द्या’ म्हणालात तर पाचव्या दिवशी न विचारता अर्धाच आणतो. उरलेलं दुसरीकडे लावलेलं असतं.

छातीत हे घडतं दोन वाटांनी. बाळ ओढतं तेव्हा मेंदूतून प्रोलॅक्टिन सुटतं, ते दूध बनवायला सांगतं. दुसरी वाट छातीतच आहे. स्तन भरलेला राहिला की तिथली दूध बनवायची गती मंदावते, रिकामा झाला की वाढते. त्यामुळे ‘साठू दे, मग भरपूर पाजेन’ हा हिशेब उलटा पडतो. आणि हा कारभार दोन्ही बाजूंचा वेगवेगळा चालतो. म्हणून एकाच बाजूला पाजायची सवय लागली की दुसरी बाजू हळूहळू आटते.

ऑक्सिटोसिन हे तिसरं पात्र. त्याने पान्हा फुटतो. वासरू लावलं की गाय पान्हवते तसंच. दूध आत असतंच, ते बाहेर सोडायचं काम याचं. दुखणं, भीती, खोलीत चार माणसं बसून ‘येतंय का गं?’ विचारत असणं, याने तो तात्पुरता अडतो. बाईला वाटतं दूध नाही. दूध असतं, वाट बंद असते. मी टाके दुखत असताना खुर्चीत ताठ बसून पाजायचे आणि काही यायचं नाही. कुशीवर झोपून पाजायला लागले, त्या दिवसापासून फरक पडला.

आधी विचारायचा प्रश्न

जागतिक आरोग्य संघटना सांगते की पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नाही, आणि त्यापुढे वरच्या अन्नासोबत दोन वर्षं किंवा जास्त. तेव्हा डबा आणण्याआधी दूध खरंच कमी पडतंय का, हे बघायला हवं. आपल्याकडे ते बघायची पद्धत म्हणजे बाळाचं रडणं. हे माप काही खरं नाही.

खरी मापं दोन. एक, लंगोट. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा चांगली शू आणि काळी-हिरवी शी जाऊन पिवळी. दोन, वजन. जन्मानंतर वजन सात टक्क्यांपर्यंत उतरणं नेहमीचं आहे. दहा टक्क्यांच्या आसपास गेलं तर डॉक्टर लक्ष घालतात. दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत यावं आणि मग पहिले तीन महिने दिवसाला वीस ते तीस ग्रॅम वाढावं. आशाताई किंवा अंगणवाडीतल्या काट्यावर आठवड्याला एकदा वजन केलं की वाद मिटतो. काटा मात्र दर वेळी तोच हवा.

संध्याकाळी सहा ते नऊ बाळ सारखं अंगाला लागून राहणं, ही दूध कमी पडल्याची खूण नाही. तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्याच्या सुमारास एक-दोन दिवस दर तासाला मागणं हीसुद्धा नाही. बाळ रतीब वाढवून मागत असतं. नेमकं तेव्हाच बाटली पुढे केली तर वाढीव मागणी छातीपर्यंत पोचतच नाही. सहा आठवड्यांनी छाती मऊ पडते, आधीसारखी ठणकत नाही, तेव्हाही बायका घाबरतात. शरीराला नेमका अंदाज आल्याची ती खूण आहे. आणि पंपाने किती निघालं यावरून आत किती आहे ते ठरत नाही. पोट भरून पाजणाऱ्या आईलाही एका वेळी दोन्ही बाजू मिळून तीस ते साठ मिलीच निघतं. मी चाळीस मिलीच्या बाटलीकडे बघून रडले आहे. तो वेळ झोपेत घालवायला हवा होता.

तरीही कधी कधी दूध खरोखर कमी असतं, आणि ‘इच्छा असेल तर येतंच’ असं म्हणून त्या बाईला छळू नये. थायरॉइड बिघडलेलं असणं, वारेचा तुकडा आत राहिलेला असणं, स्तनावर आधी शस्त्रक्रिया झालेली असणं, काही जणींत दूधग्रंथीच कमी असणं, बाळ महिनाभर आधी जन्मलेलं असणं, त्याची जीभ खाली बांधलेली असणं, अशी कितीतरी कारणं. यातली काही शोधली तर दुरुस्त होतात. वजन वाढत नसेल तर बाळाला आधी पोटभर द्यायचं, ते डब्यातलं असलं तरी. अशक्त बाळ जोरात ओढतही नाही, म्हणजे दूध आणखी कमी होतं. त्याला चार दिवस नीट खायला घातलं तर ते अंगावरही चांगलं पितं.

किती, कधी आणि कशाच्या बदल्यात

डब्यावरचा तक्ता पूर्ण डब्यावर असलेल्या बाळासाठी असतो. माझी पहिली चूक तीच. ढोबळ हिशेब असा, की पहिल्या काही महिन्यांत बाळाला दिवसाला किलोमागे दीडशे मिलीच्या आसपास दूध लागतं. चार किलोच्या बाळाला सहाशे, आठ वेळांत वाटलं तर एका वेळी पंचाहत्तर. दर वेळी अंगावर पाजून वर साठ दिलं, तर ते ‘जोड’ राहत नाही, ते अख्खं जेवणच झालं. बाळ पुढच्या वेळी अंगावर फक्त झोपायला येतं.

जोड द्यायची ती वजनावरून. डॉक्टरांनी मला दिवसाला दीडशे मिली सांगितलं, पाच वेळा तीस-तीस. आधी दोन्ही बाजू, गिळणं मंदावलं की स्तन हलक्या हाताने दाबत राहायचं म्हणजे मागचं साय असलेलं दूध येतं, मग पुन्हा पहिली बाजू, आणि तरी कुरकुर असेल तर तीस. दर आठवड्याला वजन बघून ती जोड कमी करत आणली.

दुसरी पद्धत म्हणजे दिवसातली एखादी पाजणी पूर्णच वरची करायची. नोकरीवर जाणाऱ्यांना हीच लागते. अंगावरचा जम बसलेला असेल, म्हणजे सहा-आठ आठवडे झाले असतील, तर हे बरंच सुरळीत होतं. एक पाजणी सोडली की पाच-सात दिवस छाती त्या वेळी दाटते, मग तिला सवय होते. त्याआधी सोडायची वेळ आली तर त्याच सुमारास हाताने किंवा पंपाने दूध काढायचं. पहिल्या महिन्या-दीड महिन्यात चोवीस तासांत एकूण आठ वेळा तरी स्तन रिकामे व्हायला हवेत, बाळाने पिऊन किंवा हाताने काढून. चुकलेली धार ती हीच.

रात्रीचं वेगळं सांगायला हवं. घरातली माणसं मायेने म्हणतात, “रात्री आम्ही बाटली देतो, तू झोप.” प्रोलॅक्टिन रात्री चढलेलं असतं, त्यामुळे रात्रीची पाजणी सोडणं सगळ्यात महागात पडतं. पण मी इथे कर्मठ नाही. सलग तीन आठवडे न झोपलेल्या बाईला काहीही सुचत नाही आणि बाळंतपणानंतरची उदासी झोप तुटली की बळावते. आम्ही मार्ग काढला तो असा. रात्री नऊला अंगावर पाजून मी झोपायची, बाराच्या सुमाराची एक पाजणी नवऱ्याने वरची द्यायची, अडीचला आणि पाचला माझी. सलग पाच तास झोप मिळाली आणि रात्रीच्या दोन धारा शाबूत राहिल्या.

अंगावर पाजा, मग जोड द्या, मग पंप करा, असं दर तीन तासांनी सांगितलं जातं. आठवडाभर ठीक आहे. त्याहून लांबलं तर आई कोलमडते. मला ते पाचव्या दिवशी असह्य झालं, तेव्हा कन्सल्टंटनेच पंप दिवसातून तीनदा केला आणि बाकी वेळ मुलीला छातीवर उघड्या अंगाने झोपवायला सांगितलं. त्या स्पर्शानेही पान्हा फुटायला मदत होते, आणि निदान कुणी काही मोजत तरी नाही.

बाटली, वाटी की बोंडलं

अंगावर ओढायला जबड्याचं काम पडतं, पान्हा फुटेपर्यंत मिनिटभर थांबावं लागतं. बाटली उलटी धरली की दूध आपोआप तोंडात पडतं. चार दिवसांत बाळाचा निर्णय झालेला असतो. त्याला दोष देता येत नाही, आपणही तेच केलं असतं.

बाळ अगदी लहान असताना आपल्याकडचे बहुतेक बालरोगतज्ज्ञ वाटी-चमच्याचा आग्रह धरतात, तो यासाठीही आणि बाटली धुण्याच्या कटकटीसाठीही. आमच्या घरी आजेसासूबाईंचं चांदीचं बोंडलं निघालं. शिंपल्याच्या आकाराचं, पुढे चोच. वस्तू छान आहे, पण वापरायची जुनी रीत, म्हणजे बाळाला पायावर आडवं घालून घशात ओतायची, ती धोक्याची. दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं. बाळाला जवळजवळ बसतं धरायचं, चोच खालच्या ओठावर टेकवायची, दूध ओठाला लागेल इतपतच कलवायचं आणि त्याला स्वतः जिभेने ओढू द्यायचं. आमची लेक तीस मिलीला दहा मिनिटं लावायची. सासूबाईंचा जीव वर-खाली व्हायचा. चोचीच्या आतल्या कोपऱ्यात दुधाचा साका राहतो, तो ब्रशने काढून मग उकळायचं.

बाटलीच द्यायची झाली तर सगळ्यात हळू दूध येणारं बूच (निपल) घ्यायचं, बाळाला बसतं धरायचं आणि बाटली आडवी, म्हणजे बुचात अर्धंच दूध येईल. दर काही घोटांनी बाटली जराशी खाली कलवून दम घेऊ द्यायचा, मध्ये ढेकर. पंधरा-वीस मिनिटं लागली तर बरोबर चाललंय. बाळाने तोंड फिरवलं की थांबायचं, तळाशी उरलेलं संपवायला लावायचं नाही.

पावडर

इथे थोडं कडक व्हायला हवं, कारण बाळं आजारी पडतात ती बहुधा दूध नीट न बनवल्याने.

पावडर निर्जंतुक नसते, डबा सीलबंद असला तरी. म्हणून पाणी उकळून, ते सत्तर अंशांच्या खाली जाण्याआधी पावडर घालायची, म्हणजे उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत. मग बाटली नळाखाली धरून थंड करायची आणि मनगटावर थेंब टाकून बघायचं. आधी पाणी मोजायचं, मग पावडर, उलटं केलं तर माप चुकतं. बऱ्याच डब्यांना तीस मिलीला एक सपाट चमचा असतो, पण आपल्या डब्यावर काय लिहिलंय तेच खरं. चमचा त्याच डब्यातला आणि सुरीच्या पाठीने सपाट केलेला, दाबून भरलेला नाही.

महिनाअखेर आली की पाणी वाढवून पुरवणारी घरं मी पाहिली आहेत. पातळ दुधाने बाळाचं वजन खुंटतं, रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. ‘जरा घट्ट केलं की झोपेल’ म्हणून दोन चमचे जास्त घातले तर बद्धकोष्ठ आणि शरीरातलं पाणी कमी. साखर नको. बनवलेलं दूध दोन तासांत संपवायचं, आणि बाळाच्या तोंडाला लागलेलं तासाभरात, उरलं की मोरीत. प्रवासात थर्मासमध्ये गरम पाणी वेगळं आणि मोजलेली पावडर कोरड्या डबीत वेगळी न्यायची. तयार दूध थर्मासमध्ये भरून नेणं म्हणजे जंतूंना विरजण लावल्यासारखं आहे.

गायीचं किंवा म्हशीचं दूध पाणी घालून द्यायचा सल्ला हमखास मिळतो, माझ्या मामाकडूनही मिळाला. वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून ते नको. त्यात लोह फार कमी आणि प्रथिनं, क्षार बाळाच्या मूत्रपिंडाला झेपणार नाहीत इतके. मध तर वर्षाच्या आत चाटवायचाही नाही.

अंगावरून काढलेलं दूध आणि पावडरचं, दोन्ही द्यायची असतील तर काढलेलं आधी आणि वेगळं द्या. एकत्र केलं आणि बाळाने निम्मंच प्यायलं तर मेहनतीने काढलेलं फेकावं लागतं. पाण्याऐवजी अंगावरच्या दुधात पावडर कालवणं हे तर अजिबात नाही.

जाऊबाईंचं वेळापत्रक

माझी धाकटी जाऊ एका खाजगी शाळेत शिकवते. कायद्याने, २०१७ पासून, पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवडे पगारी रजा आहे, मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसात दोन सुट्ट्या आहेत, पन्नास किंवा त्याहून अधिक माणसं असतील तिथे पाळणाघराची तरतूद आहे. तिच्या हातात पडले तीन महिने. भांडायची ताकद तेव्हा नव्हती, हे मी समजू शकते.

बाळ बारा आठवड्यांचं, शाळा सव्वासात ते सव्वाएक. पहाटे साडेपाचला एकदा आणि निघायच्या आधी पावणेसातला पुन्हा अंगावर. साडेनऊला सासूबाई आदल्या दिवशी काढलेलं दूध द्यायच्या, साडेअकराला पावडरचं साठ मिली. मधल्या सुट्टीत ती कॉम्प्युटर लॅबमागच्या सामानाच्या खोलीत दार लावून हाताने दूध काढायची. पंप तिला जमलाच नाही. अंगठा आणि दोन बोटं काळ्या वर्तुळापासून थोडी मागे, आधी छातीकडे मागे दाबायची आणि मग पुढे पिळायची, बोटं कातडीवर न घासता. उकळलेल्या स्टीलच्या वाटीत पंधरा मिनिटांत सत्तर-ऐंशी मिली. ते बर्फाच्या पिशवीसोबत डब्यात. साध्या हवेत चार तास टिकतं म्हणतात, पण ते पंचवीस अंशांचं गणित, आपल्या एप्रिल-मेमध्ये त्याच्यावर विसंबू नये. फ्रिजमध्ये आत, दारात नाही, चार दिवसांपर्यंत चालतं असं मानतात. वीज जाणाऱ्या घरात आम्ही चोवीस तासांत संपवायचो. वर साय येते, हलक्याने ढवळलं की मिसळते. गरम करायचं तर गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून, मायक्रोवेव्हमध्ये नाही.

या सगळ्यात सगळ्यात कामाला आलेला नियम सासूबाईंसाठी होता. आई पावणेदोनला येते, तर एक वाजता पोटभर द्यायचं नाही. अगदीच रडला तर वीस मिली. पोट भरलेलं बाळ आईच्या भरलेल्या छातीकडे बघतही नाही, मग ती बाई दुखऱ्या छातीने पुन्हा वाटी घेऊन बसते. हा एक नियम पाळला म्हणून दुपारची पाजणी टिकली. शनिवार-रविवार डब्याला हात लावायचा नाही. सोमवारी सामानाच्या खोलीत वाटी जरा जास्त भरायची.

आळीव, डिंक आणि औषधं

आळिवाची खीर, मेथीचे लाडू, शतावरी कल्प यांनी दूध वाढतं याचा पुरावा पातळ आहे. पण बाळंतिणीला आयतं, पौष्टिक, गरम कुणीतरी हातात देतंय, याचा फायदा मी नाकारणार नाही. लाडू खा, धार चुकवू नका. रतीब लाडवाने वाढत नाही.

उलट दूध कमी करणाऱ्या गोष्टी नकळत घेतल्या जातात. चोंदलेल्या नाकासाठीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, त्याने दूध कमी होतं. मेडिकलमधून परस्पर गोळी घेताना ‘अंगावर पाजते’ हे सांगायचं. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांचंही तसंच.

आणि छाती लाल, गरम, दुखरी झाली, थंडी वाजून ताप आला तर डॉक्टरकडे जायचं, पण त्या बाजूचं पाजणं थांबवायचं नाही. वरचं दूध चालू असलेल्या घरात ‘दोन दिवस बाटलीच देऊ’ हा मोह फार होतो, आणि साठलेल्या दुधाने दुखणं वाढतं. बाळ सुस्त झालं, शू कमी झाली, दूध घेईनासं झालं, तर मात्र घरात चर्चा करत बसू नये.

डब्यावर ‘आईचं दूध सर्वोत्तम’ अशा अर्थाची ओळ का असते, हे मला तो डबा रिकामा होईपर्यंत माहीत नव्हतं. १९९२ चा कायदा आहे. त्याने बाळाच्या दुधाच्या पावडरची, बाटल्यांची जाहिरातच बंद केली, डब्यावर बाळाचं चित्र नको, दवाखान्यातून प्रचार नको. २००३ मध्ये तो आणखी कडक केला. म्हणून टीव्हीवर ही जाहिरात दिसत नाही. मुंबईत, सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. अशा पेढ्यांतलं दूध प्रामुख्याने कमी दिवसांच्या आणि आजारी बाळांसाठी असतं. ज्यांचं बाळ अतिदक्षता विभागात आहे त्यांनी डबा उघडण्याआधी ‘पेढी आहे का?’ एवढं विचारायला हरकत नाही.

एक राहिलंच, आणि ते सासूबाईंसमोर कुणी बोलत नाही. ‘अंगावर पाजतेस ना, मग दिवस जात नाहीत’ हे आपण ऐकलेलं असतं. ते खरं ठरायला तीन अटी आहेत. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी परत आलेली नाही, आणि बाळाला रात्रंदिवस फक्त अंगावरचं. वरचं दूध सुरू झालं की तिसरी अट मोडली. दोन्ही दुधं चालू असताना पाळी यायच्या आधीही बीज सुटू शकतं, म्हणजे खूण मिळायच्या आत दिवस जातात. आमच्या सोसायटीत अशी एक जोडी आहे, दोघांत तेरा महिन्यांचं अंतर, एकाच बाकावर बसतात. तेव्हा सहा आठवड्यांच्या तपासणीला जाल तेव्हा तांबी किंवा फक्त प्रोजेस्टेरॉनची गोळी याबद्दल स्वतःहून विचारा, आणि डॉक्टरांना आठवणीने सांगा की वरचंही देते.